चांदी एक, हिशेब अनेक

१९७३ साली फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळ समुद्रतळातून चांदीच्या तीन लगडी वर आल्या. त्यांतल्या एकीवर ४५८४ असा क्रमांक कोरलेला होता. स्पेनमधल्या सेव्हिलच्या दफ्तरात १६२२ च्या ताफ्यातल्या ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ या जहाजाची माल-नोंदवही आहे, तिच्यात हाच क्रमांक होता आणि त्यापुढे लिहिलेलं वजनही हाताशी असलेल्या लगडीशी जुळलं. साडेतीनशे वर्षं पाण्यात पडलेली वस्तू आणि तेवढीच वर्षं कोरड्या फळीवर पडलेला कागद एकमेकांना ओळखतात, हा अमेरिकेतल्या वसाहतींची चांदी स्पेनला नेणाऱ्या खजिना-ताफ्यांच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा आनंद आहे. सोन्याची चकाकी त्याच्यापुढे मला फार किरकोळ वाटते.

अशी लगड नीट पाहिली तर तिच्या पाठीवर एक अख्खी कचेरी बसलेली दिसते. क्रमांक बहुतेकदा रोमन अंकांत. शेजारी शुद्धतेचा आकडा, तोही २४०० च्या मापात: २४०० म्हणजे निव्वळ चांदी, म्हणजे २३८० लिहिलं असेल तर शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर. एका कडेला ओंजळीसारखा खड्डा. पारख्याने कस लावण्यासाठी तिथून धातूचा तुकडा काढलेला असतो. राजाचा वाटा भरल्याचे गोल शिक्के, कधी एक, कधी चार-पाच. मग मालकाची खूण आणि माल पाठवणाऱ्याची खूण. या दोन बऱ्याचदा वेगळ्या असतात, कारण खाणमालक आपली चांदी व्यापाऱ्याला केव्हाच विकून मोकळा झालेला असतो. लगडीचं वजन साधारण तीस ते चाळीस किलो. एक खेचर दोन लगडी वाहू शकेल, असा हा बेत.

या खुणा कशासाठी, तर चांदी दर टप्प्यावर नव्याने मोजली जाई. खाणीजवळच्या सरकारी खजिन्यात, बंदरावर, जहाजावर, सेव्हिलला उतरताना, आणि वाटेत लुटली गेली तर लुटणाऱ्याच्या वखारीतही. प्रत्येक मोजणाऱ्याचा हेतू निराळा आणि खोटं बोलण्याचं कारणही निराळं. त्यामुळे ‘किती चांदी आली’ या प्रश्नाला एक आकडा देणारं पुस्तक हातात आलं की मी आधी पाहतो तो आकडा कोणत्या टप्प्यावरचा आहे. ताफ्यांचा खरा इतिहास दोन मोजण्यांमधल्या फरकात असतो, असं माझं पक्कं मत झालं आहे.

पहिली मोजणी खाणीपाशी. पोतोसीचा डोंगर १५४५ मध्ये हाती लागला. आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवर. तिथल्या सरकारी खजिन्यात लगड आली की आधी दीड टक्का पारख-शुल्क कापायचं आणि उरलेल्यातून पाचवा हिस्सा राजाचा. दोन्ही मिळून कपात २१.२ टक्के. इथे नवखा अभ्यासक हमखास अडखळतो. तो राजाच्या वाट्याला पाचाने गुणतो आणि एकूण उत्पादन म्हणून मांडतो. पोतोसीसाठी हे साधारण चालून जातं, पण मेक्सिकोत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून खाणवाल्यांना पाचव्याऐवजी दहाव्या हिश्श्याची सवलत होती. तिथे पाचाने गुणलं की निम्मं उत्पादन गायब. पोतोसीतही १७३६ पासून दहावा हिस्सा लागू झाला, म्हणजे त्या वर्षाच्या दोन्ही बाजूंना गुणक वेगळा. पूर्ण मालिका एकाच गुणकाने काढलेली असेल तर ती बाजूला ठेवावी.

शिवाय कर चुकवलेली चांदी या वहीत येतच नाही. तिचा माग काढायला पारा उपयोगी पडतो. १५५० च्या दशकात मेक्सिकोत बार्तोलोमे दे मेदिना याने खनिजात पारा कालवून चांदी वेगळी करायची रीत बसवली. १५७० च्या दशकात ती पोतोसीला गेली. पारा मुख्यतः दोन ठिकाणांहून येई, स्पेनमधलं अल्मादेन आणि पेरूतलं वानकावेलिका, आणि त्याच्यावर राजाची मक्तेदारी होती. म्हणून त्याचा हिशेब चांदीपेक्षा जास्त काटेकोर. मेक्सिकोत एका क्विंटलमागे, म्हणजे ४६ किलो पाऱ्यामागे, १०० मार्क चांदी निघावी असं सरकारी गृहीतक होतं. एक मार्क म्हणजे २३० ग्रॅम. एखाद्या खाणपट्ट्याने ५०० क्विंटल पारा उचलला आणि ३०,००० मार्क चांदीच दाखवली, तर वीस हजार मार्कांचा प्रश्न उभा राहतो. उत्तर चोरी हेच असेल असं मात्र नाही. खनिज निकस असलं तर पारा जास्त खातं, आणि काही खनिज पाऱ्याविना थेट भट्टीत वितळवलं जाई. तरी कुठे शोधायचं ते कळतं.

जे ताफे चांदी आणत तेच जाताना पारा नेत. अभ्यासक येणाऱ्या जहाजांवर इतके खिळलेले असतात की जाणाऱ्या जहाजांच्या नोंदी उघडतच नाहीत. पारा न्यायला उशीर झाला तर पुढच्या दोन-तीन वर्षांत चांदी घटते. परतीच्या ताफ्यात दिसणारी घट कधीकधी आधीच्या जाणाऱ्या ताफ्याने घडवलेली असते.

पोतोसीची चांदी लामा आणि खेचरांवरून आरिका बंदरात, तिथून काय्याओ, मग पॅसिफिकवरून पनामा, संयोगभूमी ओलांडून आधी नोम्ब्रे दे दिओस आणि १५९७ नंतर पोर्तोबेलो. मेक्सिकोचा ताफा वेगळा, तो व्हेराक्रुझला जाई. दोन्ही हवानाला गाठ घालून एकत्र परतावेत असा १५६० च्या दशकातल्या फर्मानांचा बेत होता. प्रत्यक्षात तो अनेकदा फसला. हवानातून ऑगस्टच्या आधी निघायचं, कारण पुढे वादळांचे महिने. १६२२ चा ताफा ४ सप्टेंबरला निघाला. अठ्ठावीस जहाजं होती. ६ सप्टेंबरला ‘आतोचा’ बुडालं तेव्हा जहाजावरच्या २६५ जणांपैकी पाच वाचले.

दुसरी मोजणी बंदरावरची, आणि अभ्यासकाचं खरं घर तेच. प्रत्येक जहाजाची माल-नोंदवही असे; जहाजावरच्या चांदीसाठी जामीन देऊन नेमलेला वेगळा अधिकारी असे, त्याला ‘माएस्त्रे दे प्लाता’ म्हणत. कोणाच्या नावाने किती लगडी, क्रमांक, शुद्धता, वजन, सेव्हिलला कोणाला द्यायच्या आणि नसेल तो तर कोणाला, हे सगळं त्यात. या वह्या आता सेव्हिलच्या ‘आर्किव्हो जेनेराल दे इंदियास’मध्ये आहेत. १७८५ मध्ये तिसऱ्या कार्लोसने ते दफ्तर स्थापलं. सुमारे ४३,००० गठ्ठे, आठ कोटींच्या आसपास पानं. फितीने बांधलेल्या एका गठ्ठ्यात दहा निरनिराळी प्रकरणं असू शकतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल सोडलेल्याला यात नवल वाटणार नाही.

व्यापारगृहाची, म्हणजे अमेरिकेशी चालणारा व्यापार सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीची, कागदपत्रं ‘कोन्त्रातासिओन’ विभागात, सरकारी खजिन्यांचे जमाखर्च ‘कोन्तादुरिया’त, खटले ‘एस्क्रिबानिया दे कामारा’त, अधिकाऱ्यांची पत्रं ‘इंदिफेरेन्ते’ आणि प्रांतवार ‘गोबिएर्नो’ विभागांत. ‘पारेस’ या स्पॅनिश सरकारच्या संकेतस्थळावर सूची पाहता येते आणि बरीच पानं घरबसल्या वाचता येतात. पण सूचीत फक्त जहाजाचं नाव टाकून शोध घेऊ नये. ‘नुएस्त्रा सेन्योरा देल रोसारिओ’ नावाची जहाजं किती होती याला गणती नाही. एकाच ताफ्यात एकाच नावाची दोन निघतात, आणि खलाशी त्यांना टोपणनावांनीच ओळखत. वर्ष, ताफ्याचा सेनापती आणि जहाजाचा मास्तर अशा तिहेरी खुणेने शोधलं तर जहाज हाती लागतं. मिळालं की विभाग, गठ्ठा आणि आतला उपक्रमांक त्याच क्षणी लिहून ठेवावा. ‘गठ्ठ्यात मध्यावर’ अशा नोंदीचा पुढे कोणालाच उपयोग नसतो.

नुकसानीनंतरचे खटले मला नोंदवहीइतकेच मोलाचे वाटतात. जहाज सुखरूप पोचलं तर माणसं फार बोलत नाहीत. बुडालं की सगळे बोलतात. सुकाणू कोणी धरलं होतं, वारा कुठून होता, तोफा किती, कोणती पेटी कुठे ठेवली होती, हे साक्षींमध्ये येतं. सुतार, खलाशी, गुलाम यांचे आवाज ऐकू येण्याची हीच जागा.

मग लिपी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कारकून ‘प्रोसेसाल’ नावाच्या वळणात लिहीत. हात उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, एका दमात ओळ ओढायची. मोडी वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल आणि त्याला शिकण्याचा मार्गही तोच: आधी ठराविक मायने पाठ करायचे. मजकुराचा मोठा भाग साचेबंद असतो. साचा ओळखला की डोळा थेट नाव, आकडा, तारीख यांवर जातो.

आकडे हा सापळा आहे. सतराव्या शतकातही रोमन अंक लहान लिपीत, शेवटच्या ‘आय’ला ‘जे’ची शेपटी देऊन लिहिलेले सापडतात. हजारासाठी इंग्रजी ‘यू’सारखी दिसणारी खूण, तिचं नाव ‘काल्देरोन’. ही खूण शून्य समजली तर १२,३४५ चे १,२०,३४५ होतात, दहापट फुगतात. दशलक्षाला ‘क्वेन्तो’ म्हणत आणि त्यासाठी ‘क्यू’सारखं अक्षर येतं. म्हणून प्रत्येक पानावरची बेरीज स्वतः करून पाहावी. पानाच्या तळाशी कारकुनाने बेरीज लिहिलेली असते; आपली तिच्याशी जुळली नाही तर दहातल्या नऊ वेळा एखादा अंक आपणच चुकीचा वाचलेला असतो, आणि दहाव्या वेळी कारकुनाची लबाडी सापडते.

त्याहून मोठा घोटाळा ‘पेसो’ या शब्दामागे दडलेला आहे. हिशेबाचं मूळ एकक माराव्हेदी. आठ रियालांचा पेसो २७२ माराव्हेदींचा, दुकात ३७५ चा, आणि पेरूच्या खजिन्यातला कसोटीचा पेसो ४५० चा. तिघांपैकी दोन नुसत्या ‘पेसो’ या नावाने कागदावर येतात. कसोटीचे १,००,००० पेसो म्हणजे आठ रियालांचे १,६५,४४१. हे लक्षात न घेता लिमाचा हिशेब व्हेराक्रुझच्या हिशेबात मिळवला की ६५ टक्क्यांची चूक, आणि तीही कुठेच न खटकणारी. म्हणून सगळं आधी माराव्हेदीत आणि मग चांदीच्या ग्रॅममध्ये उतरवावं. आठ रियालांच्या नाण्याचं वजन २७.४७ ग्रॅम, शुद्धता सुमारे ९३ टक्के, म्हणजे आत साडेपंचवीस ग्रॅम चांदी. हे १७२८ पर्यंत. त्या वर्षी वजन आणि कस दोन्ही किंचित उतरवले गेले. आणि १६४० च्या दशकातली पोतोसीची नाणी असतील तर हाही हिशेब चालत नाही. तिथल्या टांकसाळीत कस चोरला जात होता. १६४९ मध्ये तपास सुरू झाला, फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा या बड्या चांदी-व्यापाऱ्याला मृत्युदंड झाला आणि जुन्या नाण्यांची किंमत फर्मानाने उतरवली गेली.

कागद कसा वाचावा याचं ‘आतोचा’इतकं चांगलं उदाहरण नाही. विसाव्या शतकातले शोधक हे जहाज मातेकुम्बे बेटांजवळ धुंडाळत होते, कारण जुन्या मजकुरांत ‘मातेकुम्बे’ येत असे. संशोधक यूजीन लायन याने सेव्हिलमध्ये १६२० च्या दशकातले हिशेब वाचले. १६२६ मध्ये फ्रान्सिस्को नुन्येस मेलियान याने सोबतच्याच ‘सांता मार्गारिता’ जहाजातली चांदी काढली होती. पाणबुड्यांना आत हवा घेता यावी म्हणून त्याने धातूची मोठी घंटा ओतून घेतली होती. त्याच्या कीड लागलेल्या कागदांत जागेचं नाव होतं ‘कायोस देल मार्केस’, मार्किसची बेटं. ताफ्याचा प्रमुख मार्किस दे कादेरेइता बुडालेला माल काढण्यासाठी तिथे तळ ठोकून होता, त्यावरून हे नाव पडलं. ही बेटं मातेकुम्बेच्या पश्चिमेला दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्या काळी मातेकुम्बे हे नाव बेटांच्या अख्ख्या माळेसाठी सैलपणे वापरलं जाई. शोध तिकडे वळला; १९७३ मध्ये लगडी, १९७५ मध्ये ब्राँझच्या तोफा आणि २० जुलै १९८५ रोजी मुख्य साठा सापडला. जागेचं नाव नकाशावरून उचलायचं नसतं, त्याच वर्षी त्याच जागी हात घातलेल्या माणसाच्या हिशेबातून उचलायचं असतं.

तिसरी मोजणी सेव्हिलला उतरताना, आणि इथे फार गळती. ग्वादालकिव्हिर नदीच्या मुखाशी सान्लुकारचा वाळूचा बांध, मोठी जहाजं भरलेली आत येऊ शकत नसत. माल लहान होड्यांत उतरवायचा. नोंद न झालेली चांदी उतरायला याहून सोयीची जागा कुठली? राजालाही ते माहीत होतं. पकडून शिक्षा करण्यापेक्षा व्यापारी संघाकडून एकरकमी दंड घेऊन प्रकरण मिटवण्याची पद्धत रुळली. या माफीच्या रकमांची कागदपत्रं जरूर पाहावीत, कारण चोरीचा सरकारने स्वतः बांधलेला अंदाज तिथे मिळतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्ल हॅमिल्टन याने १९३० च्या दशकात सरकारी नोंदींवरून मालिका तयार केली: १५०३ ते १६६० मध्ये १ कोटी ६८ लाख किलोंहून जास्त चांदी आणि १ लाख ८१ हजार किलो सोनं. तिच्यात १६३० नंतर आकडे कोसळतात आणि त्यावरून सतराव्या शतकाच्या मंदीच्या कितीतरी उपपत्ती उभ्या राहिल्या. मालिका १६६० ला का थांबते हे मात्र फार थोडे विचारत. त्या वर्षी राजाने चांदीची सक्तीची नोंदच उठवली. मिशेल मोरिनो या फ्रेंच इतिहासकाराने मग वेगळीच साधनं घेतली: डच वृत्तपत्रं आणि बंदरांतल्या परदेशी वकिलांचे अहवाल. ताफा आला की आम्सटरडॅमचे व्यापारी त्यात काय आहे हे छापून आणत, कारण त्यांचे पैसे त्यात अडकलेले असत. या मोजणीत शतकाच्या उत्तरार्धात चांदी घटलेली नाही, उलट भरभरून येते आहे. वृत्तपत्रंही फुगवून लिहीत, हे खरं. तरीही माल ज्याचा, त्याची मोजणी कर घेणाऱ्याच्या मोजणीहून मी वरची धरतो. हॅमिल्टनने कष्टाने कागद वाचले यात शंका नाही. पण ज्यात चोरी वाढत गेली त्या वहीवरून त्याने उत्पन्न घटल्याचं ठरवलं.

शत्रूची मोजणीही असते. १७०२ मध्ये मेक्सिकोचा ताफा फ्रेंच संरक्षणात स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावर, विगोच्या खाडीत शिरला. इंग्रज-डच आरमाराने तिथे तो जाळला आणि इंग्लंडमध्ये प्रचंड लूट मिळाल्याचा जल्लोष झाला. राणी ॲनच्या नाण्यांवर ‘विगो’ अशी अक्षरं उमटवली गेली. टांकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. जून १७०३ मध्ये त्याने हिशेब दिला: हाती आलेली चांदी वजनाने ४,५०४ पौंड आणि किंमत सोन्यासकट जेमतेम १४,००० पौंड. बाकीची गेली कुठे? हल्ल्याआधीच ती उतरवून देशात आत नेली होती, आणि इंग्रज-डच व्यापाऱ्यांचा त्यातला हिस्सा स्पेनच्या राजाने, पाचव्या फेलिपेने, जप्त केला. विगोच्या तळाशी सोन्याचे ढीग शोधणाऱ्यांनी हा हिशेब वाचला असता तर त्यांचे पैसे वाचले असते. या लढाईची तारीख स्पॅनिश कागदांत २३ ऑक्टोबर, इंग्रजी कागदांत १२ ऑक्टोबर. स्पेनने १५८२ मध्ये पंचांग बदललं, इंग्लंडने १७५२ मध्ये. सतराव्या शतकात दहा दिवसांचा फरक, १७०० नंतर अकराचा. तो न धरता घटनाक्रम लावला की जहाज बुडण्याआधीच बुडाल्याची बातमी पोचते.

‘मेर्सेदेस’ हे स्पॅनिश जहाज ५ ऑक्टोबर १८०४ रोजी पोर्तुगालच्या दक्षिणेला स्फोट होऊन बुडालं. २००७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने सुमारे १७ टन नाणी काढून नेली. स्पेनने दफ्तरातल्या कागदांच्या आधारे ते आरमाराचं जहाज होतं हे अमेरिकन न्यायालयात सिद्ध केलं आणि २०१२ मध्ये नाणी परत आली. आता ती स्पेनमधल्या कार्ताहेनाच्या सागरी पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. काढलेली वस्तू आणि तिचा कागद एकत्र राहिले तरच पुढचा अभ्यास शक्य, म्हणून हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. लिलावात विखुरलेल्या लगडींचे क्रमांक मग नोंदवहीशी कोण जुळवणार?

आणि शेवटची मोजणी आपल्याकडची. सेव्हिलला आलेली चांदी तिथे राहिलीच नाही. लिस्बनहून गोव्याला, लंडन आणि आम्सटरडॅमहून सुरतेला आणि कोरोमंडलला, मसाल्याच्या आणि कापडाच्या मोबदल्यात ती रियालांच्या थैल्यांनी येत राहिली. काही अकापुल्कोहून मनिलाला जाऊन तिथून भारतीय कापडावर खर्च झाली. सुरतेच्या मोगल टांकसाळीत रियाल वितळून रुपये पडत; चांदीच्या हिशेबाने एका आठ-रियालाचे सव्वादोन रुपये. वितळल्यावर पोतोसीचा शिक्का पुसला जातो, त्यामुळे आपल्याकडे आलेल्या रियालांच्या मानाने आज सापडणारे फार थोडे. पण इंग्रज कंपनीच्या सुरत वखारीच्या पत्रव्यवहारात रियाल कोणत्या दराने घेतले, वितळवताना घट किती आली, सराफाने कोणत्या नाण्यांना नाक मुरडलं, हे सापडतं. १६५० च्या आसपासच्या अशा नोंदींना पोतोसीच्या घोटाळ्याच्या नोंदींशेजारी ठेवून पाहावं.

मराठी अभ्यासकाला सेव्हिलपर्यंत जाण्याआधी पणजीत बरंच करता येतं. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, आणि गोव्याच्या पुराभिलेखागारातल्या ‘मोन्सोइंस दो रेनो’ या खंडांत लिस्बन-गोवा पत्रव्यवहार सालवार लावलेला आहे. भाषा पोर्तुगीज, पण कारकुनी वळणं त्याच घराण्यातली, त्यामुळे डोळा तिथे तयार होतो. १६२२ मध्ये ‘आतोचा’ बुडालं आणि १६२८ मध्ये डच सेनापती पीट हाइनने क्युबाच्या मातान्सास उपसागरात मेक्सिकोचा अख्खा ताफा धरला. त्यापुढच्या दोन-तीन वर्षांत लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या रियालांच्या नोंदी एका तक्त्यात उतरवून पाहाव्यात, शेजारच्या रकान्यात सुरतेचा दर लिहावा. एक सूचना मात्र पाळावी: रकाना जुळत नाही म्हणून मधला आकडा काढून भरू नये. रिकामा ठेवावा आणि कोणत्या वहीत शोधलं ते समासात लिहावं.